तूप सोडूनही एलडीएल २१४ : घराण्यातलं कोलेस्टेरॉल, गोळी आणि सात वर्षांची मुलगी

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. वय ३४, शाकाहारी, वजन ६४ किलो, सिगारेट-दारू नाही, रोज पाऊण तास चालणं. ऑफिसच्या तपासणीत एलडीएल कोलेस्टेरॉल, म्हणजे रक्तवाहिन्यांत थर साचवणारं, २३१ आलं. तीन महिने तूप, लोणी, चीज, तळलेलं सगळं बंद केलं आणि पुन्हा तपासलं, तर २१४. ट्रायग्लिसराइड १२०, एचडीएल (ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात) ४१. वडील ४६ व्या वर्षी अ‍ॅटॅकने गेले, काकांची ५१ व्या वर्षी बायपास झाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि ‘ही आता कायमची’ म्हणाले. तुम्ही विचारता की आणखी सहा महिने पथ्य कडक करून पाहावं का, जेनेटिक टेस्टवर पैसे घालावेत का, आणि दोष रक्तातच असेल तर गोळी घेऊन तरी काय होणार. शेवटी एका ओळीत लिहिलंय की मुलगी सात वर्षांची आहे. तुमच्या सगळ्या पत्रात मला ती ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. तिच्याकडे मी येणार आहे, पण आधी तुमच्याकडे बघू.

मी फिजिशियन आहे. प्रॅक्टिसला बावीस वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी वर्षं रक्तातल्या चरबीचे बिघाड असलेली कुटुंबं सांभाळण्यात गेली. पण तुम्हाला मी तपासलेलं नाही. त्यामुळे एक गोष्ट आधी बाजूला काढावी लागेल. एलडीएल २०० च्या वर जाण्याची सगळीच कारणं घराण्यातली नसतात. थायरॉइड मंदावलेलं असणं, लघवीतून प्रोटीन जाणं, पित्ताच्या मार्गात अडथळा, स्टेरॉइडसारखी औषधं, यांनीही ते चढतं. माझ्याकडे एक ताई एलडीएल २४० घेऊन आल्या होत्या, वर्षभर उकडलेल्या भाज्यांवर राहिलेल्या. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कुणी पाहिलंच नव्हतं. थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत कोलेस्टेरॉल जाग्यावर आलं. म्हणून टीएसएच, लघवीची साधी तपासणी, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि साखर झालेली नसेल तर गोळी सुरू करण्याआधी करून घ्या. हे सगळं नॉर्मल आहे असं धरून पुढचं लिहितो.

बहुतेकांची समजूत असते की कोलेस्टेरॉल ताटातून येतं, म्हणून ताट बदललं की ते जायला हवं. तुमच्या प्रश्नामागेही हेच गृहीत आहे. प्रत्यक्षात शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीरच बनवतं, आणि रक्तात एलडीएल किती राहील हे ठरतं ते उचललं किती जातं यावर. तुमच्या गल्लीतली घंटागाडी डोळ्यांसमोर आणा. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात, त्या या घंटागाड्या. रिसेप्टर एलडीएलचा कण पकडतो, आत नेतो, रिकामा होतो आणि साधारण दहा मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर येऊन उभा राहतो. अशा खेपा त्याच्या आयुष्यात शेकड्याने होतात. आता समजा, जन्मापासूनच गल्लीला निम्म्याच गाड्या मिळाल्या आहेत. घरोघरच्या बायकांनी कचरा थोडा कमी केला तरी कोपऱ्यावरचा ढीग काही हलायचा नाही. तुमचं तेच झालंय. पथ्याने १७ अंक कमी झाले, म्हणजे सुमारे ७ टक्के. तुम्ही पथ्यात कुठे कमी पडला नाहीत. पथ्याचा हात मुळात तेवढाच पोचतो.

हे कोडं सोडवलं अमेरिकेतल्या डॅलस शहरात, मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन डॉक्टरांनी, १९७० च्या दशकात. काही मुलांचं कोलेस्टेरॉल इतकं चढलेलं असे की शाळकरी वयात त्यांना हार्ट अ‍ॅटॅक येत. त्या मुलांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्यावर दिसलं की एलडीएल पकडणारा रिसेप्टरच त्यांच्याकडे नाही, कारण आई आणि वडील दोघांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. एकच प्रत बिघडलेली असेल तर गाड्या निम्म्या होतात. याला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, आम्ही सोयीसाठी एफएच म्हणतो. जगभरात साधारण २५० माणसांत एकाला ते असतं. हेच प्रमाण धरून २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राचा हिशोब केला तर साडेचार लाख माणसं होतात, आणि त्यातल्या बहुतेकांना पहिला अ‍ॅटॅक येईपर्यंत याचा पत्ताच नसतो. उपचार न झालेल्या एफएचमध्ये पन्नाशीपर्यंत निम्म्या पुरुषांना हृदयविकार गाठतो. बायकांना तो साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो, म्हणून त्या सुरक्षित आहेत असा चुकीचा समज पसरतो.

मग तुम्हाला एफएच आहे का? डच डॉक्टरांनी बनवलेली गुणांची एक पद्धत आम्ही वापरतो. एलडीएल १९० ते २४९ मध्ये असल्याचे ३ गुण. वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार, त्याचा १. झाले ४. ३ ते ५ म्हणजे ‘शक्यता आहे’, ६ ते ८ म्हणजे ‘बहुधा आहे’, ८ च्या वर म्हणजे ‘नक्की आहे’. तुम्ही आत्ता पहिल्या पायरीवर आहात आणि पुढची पायरी तुमच्या शरीरावरच दिसू शकते. दोन्ही टाचांच्या वरची जाड दोरीसारखी शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी) चिमटीत धरून पाहा. ती गाठाळ, नेहमीपेक्षा जाड वाटते का? हाताच्या मागच्या शिरांवर, बोटांच्या सांध्यांपाशी घट्ट गाठी आहेत का? तशा असतील तर त्याचे एकदम ६ गुण. बुबुळाच्या कडेला पांढरट कडं ४५ च्या आधीच आलं असेल तर ४. हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. आपलं आपल्याला नीट कळत नाही. पण डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण ओपीडीच्या गर्दीत कुणी रुग्णाचे मोजे काढायला लावत नाही. मी मात्र लावतो.

आता जेनेटिक टेस्टकडे येऊ. इथे मला ठाम मत द्यायचं आहे : आत्ता नको. कारण नीट समजून घ्या. ज्यांचं एलडीएल १९० च्या वर आहे अशा हजाराहून जास्त लोकांची जनुकं संशोधक अमित खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात एफएचचं स्पष्ट म्युटेशन, म्हणजे जनुकातला बिघाड, १०० मध्ये २ जणांतही सापडलं नव्हतं. बाकीच्यांचं कोलेस्टेरॉल चढलं होतं ते बऱ्याच अंशी अनेक छोट्या-छोट्या जनुकीय फरकांच्या बेरजेने. एकेक फरक दोन-चार अंकांचा, पण काही घराण्यांत ते सगळे एकाच माणसाच्या वाट्याला येतात. म्हणजे टेस्ट ‘निगेटिव्ह’ आली तरी दोष घराण्यातून आलेला नाही असं सिद्ध होत नाही. शिवाय ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेले रिपोर्ट आपल्याकडे भरपूर येतात, कारण जनुकीय फरकांच्या नोंदवह्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून भरल्या गेल्या आहेत. लाखो छोटे फरक मोजून एकच गुणांक देणाऱ्या टेस्टही हल्ली विकल्या जातात. त्यांचं गणितही बहुतांशी युरोपीय लोकांवरच बसवलेलं आहे आणि आपल्याला ते तितकं लागू पडत नाही.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जेनेटिक टेस्टच्या बाजूने बोलते, आणि ती लपवून मी सल्ला देणार नाही. एलडीएल १३० च्या आत आणि म्युटेशन नाही, अशा माणसाशी तुलना केली तर एलडीएल १९० च्या वर पण म्युटेशन नसलेल्यांचा धोका ६ पट होता, आणि तेवढंच एलडीएल व शिवाय म्युटेशन असलेल्यांचा २२ पट. आकडा तोच, धोका मात्र कितीतरी वेगळा. कारण म्युटेशनवाल्याचा आकडा पाळण्यात असल्यापासून चढलेला असतो, दुसऱ्याचा बहुधा तिशी-चाळिशीत चढतो. म्हणून टाचेची शीर जाड निघाली, किंवा मुलीचा रिपोर्ट धड इकडे ना तिकडे असा आला, तर टेस्ट जरूर करा. घरातल्या एकाचा नेमका दोष सापडला की बाकीच्यांची तेवढीच एक जागा तपासावी लागते, आणि ते काम बरंच स्वस्तात होतं. तोवर तेच पैसे घरातल्या पाच-सहा जणांच्या साध्या लिपिड प्रोफाइलवर घाला. मोबदला जास्त मिळेल.

एक टेस्ट मात्र मी आत्ताच सांगेन, ती तुमच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही : लिपोप्रोटीन लिटल ए. नॉर्वेच्या कारे बर्ग यांनी १९६३ मध्ये हा कण शोधला. दिसायला एलडीएलसारखाच, पण त्याला आणखी एका प्रोटीनची शेपटी जोडलेली असते, आणि ही शेपटी रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या प्लास्मिनोजेनची जवळची नातेवाईक. शेपटी किती लांब असेल हे सहाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक ठरवतं. लांब शेपटीचे कण यकृत कमी बनवतं, आखूड शेपटीचे भरपूर. म्हणून आखूड शेपटीचा वारसा मिळालेल्यांच्या रक्तात हा कण जास्त. आहार, व्यायाम, वजन यांनी त्यात जवळपास काही फरक पडत नाही. लहानपणी जो आकडा असतो तोच बहुतेक म्हातारपणापर्यंत राहतो, म्हणून ही टेस्ट आयुष्यात एकदा केली तरी पुरते. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत याचं प्रमाण युरोपीयांपेक्षा सरासरीने जास्त आहे. इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियात पहिला अ‍ॅटॅक मध्यमान ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत जवळपास ५९ व्या वर्षी. त्याची कारणं पुष्कळ आहेत, तंबाखू आणि मधुमेह त्यांत मोठे. पण चाळिशीत स्टेंट पडलेला, साखर नाही, बीपी नाही, एलडीएल ११०, असा रुग्ण आला की माझा पहिला संशय या कणावर असतो.

लॅबमध्ये ही टेस्ट सांगताना नाव नीट लिहून न्या. ‘अ‍ॅपोलिपोप्रोटीन ए वन’ ही वेगळीच टेस्ट आहे, आणि दोन्हींत घोळ झालेले रिपोर्ट मी स्वतः पाहिले आहेत. ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर आला तर तो जास्त समजायचा, आणि एका एककातला आकडा कॅल्क्युलेटरने दुसऱ्यात बदलायचा नाही. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीने, हा कण कमी होत नाही. खास त्याच्यासाठीची औषधं मोठ्या चाचण्यांतून जात आहेत. मग आज तपासायचं कशाला? कारण तो जास्त निघाला तर एलडीएल, बीपी, साखर या हातातल्या गोष्टी आम्ही आणखी खाली आणतो, आणि भाऊ-बहिणींना, मुलांना तपासायला सांगतो. शिवाय लॅबच्या एलडीएलच्या आकड्यात या कणातलं कोलेस्टेरॉलही मोजलं जातं. गोळी घेऊन एलडीएल अपेक्षेइतकं उतरलं नाही, तर बऱ्याचदा त्याचं उत्तर इथे सापडतं.

एचडीएल ४१ ची काळजी करू नका. एचडीएल वाढवण्याच्या गोळ्यांवर, बियांवर, काढ्यांवर लोकांनी खूप पैसे घालवले आहेत. काही लोकांचं एचडीएल केवळ एका जनुकीय फरकामुळे जन्मतः जास्त असतं. २०१२ मध्ये अशा लोकांना तपासल्यावर त्यांचे अ‍ॅटॅक कमी झालेले दिसले नाहीत. उलट इटलीत गार्डा तलावाकाठच्या लिमोने गावात काही कुटुंबांचं एचडीएल एका म्युटेशनमुळे फार कमी असतं, तरी हृदयविकार त्या मानाने दिसत नाही. एचडीएल हा धोक्याचा पुरावा असू शकतो, पण त्याला धरून ओढलं की धोका हलतो असं नाही. ट्रायग्लिसराइड तुमचं ठीक आहे, तो विषय सोडून देतो.

आता तुमचा तो प्रश्न, जो मला ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो : ‘रक्तातच आहे म्हटल्यावर गोळीने काय होणार?’ हे नेमकं उलट आहे. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत जनुकांनीच आम्हाला सांगितलं की उपचार कुठे करायचा आणि किती लवकर करायचा. २००३ मध्ये पॅरिसच्या संशोधकांना काही एफएच कुटुंबांत पीसीएसके नाइन नावाच्या जनुकात दोष सापडला. हे प्रोटीन म्हणजे चालती घंटागाडी भंगारात पाठवणारा माणूस. रिसेप्टरला चिकटून तो त्याला पेशीत नष्ट करवतो. त्या कुटुंबांत हा माणूस गरजेपेक्षा जास्त काम करत होता. मग डॅलसमधल्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला : जन्मतःच ज्यांच्यात हा माणूस कामावरच येत नाही, त्यांचं काय? अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात १५ वर्षं पाहिलेल्या कृष्णवर्णीयांपैकी २.६ टक्के लोकांत हे जनुक बंद पाडणारे फरक होते. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं, आणि हृदयविकार? ८८ टक्के कमी. २००६ मध्ये हा शोधनिबंध वाचला तेव्हा मी प्रॅक्टिसला नवा होतो, आणि ते आकडे मी दोनदा तपासले. त्या लोकांत बीपी, धूम्रपान, मधुमेह काही कमी नव्हतं, तरीही. पुढे दहा वर्षांच्या आत या प्रोटीनला अडवणारी इंजेक्शनं बाजारात आली.

२८ टक्क्यांच्या उतारावर ८८ टक्क्यांचा फायदा कसा? तर तो उतार जन्मापासूनचा होता. अनेक जनुकांचे असेच फरक एकत्र करून २०१२ मध्ये हिशोब झाला : एलडीएल आयुष्यभर साधारण ३९ अंकांनी कमी असेल तर हृदयविकाराचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. तेवढाच उतार मध्यम वयात गोळीने पाचेक वर्षं मिळवला तर फायदा साधारण पाचातल्या एका भागाचा. गोळीत काही कमी नसतं, ती उशिरा सुरू झालेली असते.

तुमच्यावर एक ढोबळ हिशोब करून दाखवतो. एलडीएल २१४ गुणिले ३४ वर्षं, म्हणजे ७,२७६. ज्याचं एलडीएल ११० आहे तो माणूस हा आकडा ६६ व्या वर्षी गाठेल. एलडीएलच्या बाबतीत तुमच्या रक्तवाहिन्या आजच त्याच्या सासष्टीत उभ्या आहेत. हा हिशोब तुमचा आकडा लहानपणापासून असाच होता असं धरून आहे, आणि ते नक्की माहीत नाही. पण वडिलांचं ४६ आणि काकांचं ५१ पाहता मी हेच धरून चालेन. म्हणून पथ्याचे आणखी सहा महिने मला नकोत. ते सहा महिनेही याच हिशोबात जमा होतात.

गोळी एफएचमध्येही चालते याचं कारण सुंदर आहे. स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवण्याचं काम मंद करतं. यकृताला टंचाई जाणवते आणि ते रक्तातून जास्त एलडीएल ओढण्यासाठी नवे रिसेप्टर बनवायला घेतं. जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी शाबूत असते, ती जोमाने काम करते. म्हणजे गोळी तुमच्याच निरोगी जनुकाला कामाला लावते. पूर्ण ताकदीच्या स्टॅटिनने एलडीएल साधारण निम्मं होतं, म्हणजे तुमचं १०७ च्या आसपास. तिथून पुढे डोस दुप्पट करून फक्त ६ टक्के मिळतात, म्हणून डोस चढवत बसण्यापेक्षा एझेटिमाइब ही आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारी दुसरी गोळी जोडणं शहाणपणाचं. ती आणखी पाचातला एक भाग उतरवते, म्हणजे ८५ च्या आसपास. नेमकं किती खाली न्यायचं हे त्या लिटल ए कणावर आणि तपासणीत काय सापडतं त्यावर ठरेल. मी तुमच्या जागी असलो तर ७० च्या आत जाण्याचा आग्रह धरेन. औषध आणि डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांनी गोळी लिहून दिली, ते बरोबरच केलंय.

स्नायू दुखण्याची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण शेजारी-पाजारी ती घालतीलच. काहींना खरंच दुखतं, आणि त्यातही जनुकांचा वाटा आहे : औषध यकृतात आत घेणाऱ्या एका प्रोटीनच्या जनुकात फरक असेल तर काही स्टॅटिन रक्तात जास्त साठतात, सिमव्हास्टॅटिनच्या बाबतीत हे विशेष दिसतं. दुखलं तर गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो. स्वतःच्या मनाने बंद करून वर्षभराने येऊ नका. दुसरं, सीटी करून कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेला चुना मोजणारा आकडा) पाहण्याचा सल्ला कुणी दिला आणि तो शून्य आला, तर हुरळून जाऊ नका. ३४ व्या वर्षी तो बहुधा शून्यच यायचा. तरुण वयातला थर मऊ असतो, चुना त्यात नंतर साठतो.

आणि पथ्य? सोडू नका, पण स्वतःला छळूही नका. जनुकांचा धोका सर्वांत जास्त असलेल्या गटातही ज्यांचं राहणीमान चांगलं होतं, म्हणजे धूम्रपान नाही, वजन आटोक्यात, व्यायाम, बरा आहार, त्यांचे हृदयविकार वाईट राहणीमानवाल्यांपेक्षा जवळपास निम्मे होते. रोजच्या वरणभातावरचं तूप बंदच राहू द्या, बेकरीची खारी आणि वनस्पती तुपातली मिठाई त्याहून आधी बंद करा, डाळी-उसळी भरपूर खा. होळीच्या पुरणपोळीवर चमचाभर तूप घेतलंत तर मी काही म्हणणार नाही.

इथवरचं थोडक्यात : आधी थायरॉइड वगैरे तपासा, लिटल ए एकदा करा, टाचा दाखवा, गोळी सुरू करा, जेनेटिक टेस्ट मागे ठेवा. आता घरच्यांबद्दल, ज्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत तालुक्याच्या गावी असताना माझ्याकडे ३९ वर्षांचे एक शेतकरी अ‍ॅटॅक घेऊन आले. वाचले. टाचांच्या शिरा बोटाएवढ्या जाड, कोलेस्टेरॉल खूप चढलेलं. निदान मी बरोबर केलं, केसपेपरवर लिहिलं, औषधं दिली, ते वर्षानुवर्षं नीट राहिले. दोन वर्षांनी त्यांच्या धाकट्या भावाला आणलं. वय ३६. वाटेतच सगळं संपलं होतं. त्याची बायको मला एवढंच म्हणाली, ‘दादांना तुम्ही तपासलंत तेव्हा हे बाहेर बाकावर बसले होते.’ खरं होतं ते. तीन दिवस तो भाऊ त्या बाकावर बसला होता आणि त्याच्या रक्ताची एक बाटली घ्यावी असं माझ्या मनात आलं नाही. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली भाऊ, बहिणी, मुलं यांची नावं असतात आणि प्रत्येकापुढे कोलेस्टेरॉलचा रकाना. तो रकाना भरेपर्यंत मी फाइल बंद करत नाही.

म्हणून तुमची मुलगी. तुम्हाला एका जनुकाचा दोष असेल तर तो तिच्यात येण्याची शक्यता बरोबर निम्मी, नाणं उडवल्यासारखी. सात हे वय तपासायला योग्य आहे. उपाशीपोटी न्यायची गरज नाही, साधं लिपिड प्रोफाइल पुरे. तुमच्यासारखा इतिहास असलेल्या घरात मुलाचं एलडीएल १६० च्या वर आलं तर आम्ही ते एफएचच समजून पुन्हा तपासतो. १३० ते १६० मध्ये आलं तर ती ‘धड इकडे ना तिकडे’ची जागा, तिथे जेनेटिक टेस्टचा खरा उपयोग. १०० च्या आसपास आलं तर बहुधा नाण्याची चांगली बाजू वर पडली. पत्नीचंही त्याच दिवशी करा. दोघांकडून दोष आला तर मुलांत तो फार तीव्र होतो, आणि नात्यात लग्न झालेलं असेल तर हे विसरूच नका. तुमच्या आईचंही करा. वडील लवकर गेले म्हणून दोष त्यांच्याच बाजूचा असं आपण धरतो, पण आईचं कोलेस्टेरॉल अनेकदा कुणी पाहिलेलंच नसतं.

दोष निघाला तर तिला उद्याच गोळी द्यावी लागेल असं नाही. आठ ते दहा वर्षांच्या सुमारास मुलांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली छोट्या डोसने सुरुवात होते. लहान मुलाला स्टॅटिन म्हटल्यावर आई-बापाच्या पोटात गोळा येतो, ते मी रोज पाहतो. पण नेदरलँड्समध्ये एफएच असलेल्या आणि लहानपणीच गोळी सुरू केलेल्या मुलांना २० वर्षं पाहिलं गेलं. ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या १ टक्का लोकांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास झाला. त्यांच्याच आई-वडिलांपैकी ज्यांना हा दोष होता, त्यांच्यात त्याच वयापर्यंत हे प्रमाण होतं २६ टक्के. दोष घराण्यातला तोच होता. मुलांना गोळी वेळेवर मिळाली, आई-वडिलांच्या लहानपणी ती नव्हती. त्या मुलांची वाढ आणि वयात येणं यांवर गोळीचा परिणाम दिसला नाही. तुमच्या मुलीला पुढे मोठी होऊन मूल हवं असेल तेव्हा गोळी थांबवावी लागते, हे तिच्या फाइलमध्ये आजच लिहून ठेवायचं. तुम्हाला बहीण असेल तर तिलाही हेच लागू.

काकांच्या मुलांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. काकांची बायपास झाली तेव्हा तीही बाहेर बाकावर बसली असतील. आज त्यांना फोन करा, त्यांची वयं आणि शेवटचं एलडीएल विचारा. कधी तपासलंच नसेल, तर मुलीला लॅबमध्ये न्याल त्या दिवशी त्यांनाही बोलवा. सगळ्यांचे आकडे एका कागदावर, कोण कुणाचं कोण हे दाखवणाऱ्या रेघांसकट मांडा आणि पाठवा. तो कागद समोर असला की मुलीच्या आकड्याचा अर्थ मी तुम्हाला जास्त खात्रीने सांगू शकेन.